हातांचा प्रकल्प, काचेचा सराव आणि निवडीचा पेच

कवडसा

नमस्कार मंडळी. मी फोटोग्राफीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात दोन कामं हातात आहेत. पहिलं नेमून दिलेलं, काचेच्या वस्तूंचं प्रकाशयोजन. दुसरा दीर्घ प्रकल्प, त्याचा विषय ज्याचा त्याने ठरवायचा आणि शेवटी १२ ते १५ छायाचित्रांचा संच सादर करायचा. मी कामात गुंतलेले हात हा विषय घेतला आहे. शिवणारे हात, घड्याळ उघडणारे हात, पुस्तक बांधणारे हात, मातीकाम करणारे हात.

अडचण अशी की सुटे पाहिले तर बरेच फोटो मला मनापासून आवडतात, पण टेबलावर एका रांगेत मांडले की सगळे सारखेच वाटू लागतात. जवळून घेतलेले हात, मागे सगळं धूसर, बाजूने मऊ उजेड. चार-पाच फोटोंनंतर पुढचा फोटो पाहावा असं वाटत नाही. मार्गदर्शकांचंही हेच मत पडलं.

५० मिमीची लेन्स वापरते, अ‍ॅपर्चर बहुतेक एफ/२ (म्हणजे लेन्सचं उजेड घेणारं छिद्र बरंच उघडं), उजेड खिडकीचा. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. संच एकसंध राहून कंटाळवाणा होऊ नये म्हणून काय करता येईल? चेहरे घ्यावेत का? आणि काचेच्या सरावात इतका वेळ जातोय की प्रकल्प मागे पडतो, तर या दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

जुनी रीळ

कवडसा, विषय जुना आहे म्हणून कुणी नाकं मुरडली तर लक्ष देऊ नकोस. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने चित्रकार जॉर्जिया ओ'कीफची १९१७ ते १९३७ या काळात ३०० हून अधिक छायाचित्रं काढली आणि त्यांतली कितीतरी फक्त हातांची आहेत. एकाच व्यक्तीच्या हातांत एवढं सापडत असेल तर तुझ्याकडे तर माणसंही वेगळी आहेत आणि कामंही.

आता मुद्द्याचं. तुझ्या वर्णनावरून मला वाटतं, सारखेपणाचं मूळ एफ/२ मध्ये आहे. एवढ्या उघड्या अ‍ॅपर्चरला हात तेवढे दिसतात आणि हात ज्याच्याशी झटतायत ती वस्तू विरघळून जाते. शिंप्याच्या बोटांखालचं कापड जाड आहे की झिरझिरीत, तेच कळलं नाही तर बोटं इतकी का ताणली गेलीत तेही कळत नाही. कामाला हत्यार लागतं आणि समोर दाद न देणारी वस्तू लागते. ही दोन्ही फोकसबाहेर गेली की उरतात ते नुसते सुंदर हात, आणि सुंदर हात एकमेकांसारखेच असतात.

हिशेब करून बघ. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद) सेन्सरवर साधारण ३६ सेंमी रुंदीचा भाग चौकटीत घेतलास, म्हणजे दोन्ही हात आणि थोडं टेबल, तर एफ/८ ला, म्हणजे छिद्र लहान केल्यावर, सुमारे ५ सेंमी खोली फोकसमध्ये राहते. एफ/२ ला तीच सव्वा सेंमीवर येते. आणखी जवळ जाऊन चौकट १४ सेंमीची केलीस तर एफ/८ लाही जेमतेम १ सेंमी. म्हणजे बोटाचं टोक धारदार असेल तर त्याच हाताचा अंगठा कदाचित नसेल. शूट करण्याआधी ठरव की या फोटोत दोन गोष्टी स्पष्ट दिसल्याच पाहिजेत, कोणत्या? मग अ‍ॅपर्चर आपोआप ठरतं.

एफ/२ वरून एफ/८ वर आलीस की चार स्टॉप उजेड जातो (दर स्टॉपला निम्मा), १६ पट कमी. तो आयएसओतून (सेन्सरची संवेदनशीलता) किंवा शटरमधून (उजेड आत घेण्याचा वेळ) वसूल करावा लागेल. त्यातून पुढची मजा सुरू होते, तीही सांगतो.

शटर मंद कर. शिवणयंत्रावर १/१५ सेकंदाला सुई धूसर पट्टा होते, आणि कापड धरलेली बोटं जर क्षणभर स्थिर असतील तर ती कोरल्यासारखी येतात. एकाच फोटोत वेग आणि स्थैर्य. १/५०० ला तीच सुई हवेत थिजलेली दिसते आणि यंत्र बंद असल्याचा भास होतो. ट्रायपॉड मात्र हवाच, नाहीतर सगळंच हलेल.

एफ आठ

माझं मत थोडं वेगळं. सारखेपणा टाळू नकोस, तो पूर्णपणे स्वीकार. बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने १९५९ पासून अनेक दशकं पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे टिपले. समोरून, ढगाळ आभाळाखाली, मोठ्या फिल्मच्या लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यावर, आणि मग एकेका प्रकारच्या वास्तू जाळीसारख्या ओळींत मांडल्या. उजेड आणि कोन सारखा ठेवला की टाकी टाकीपेक्षा किती वेगळी आहे तेच दिसायला लागतं. पुढे बेर्न्ड बेखर १९७६ पासून ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवत होते, आणि आंद्रेआस गुर्स्की, थॉमस रुफ, कांडिडा ह्योफर हे छायाचित्रकार त्यांचे विद्यार्थी.

तू वरून, सरळ खाली बघत, एकाच उंचीवरून, सगळ्यांचे हात त्यांच्या कामाच्या पृष्ठभागावर घे. १५ फोटो, ५ च्या ३ ओळी. मार्गदर्शक काय म्हणतात ते बघ.

जुनी रीळ

एफ आठ, बेखरांचं उदाहरण चांगलं, पण टाकी हलत नाही. तिचं रूप कायमचं ठरलेलं असतं, म्हणून तुलना करता येते. हाताचं रूप क्षणाक्षणाला बदलतं. शिंप्याचा हात कोणत्या क्षणी घ्यायचा? दोरा ओवताना की कात्री चालवताना? ती निवड फोटोगणिक वेगळी झाली की जाळीचा पायाच निसटतो. आणि वरून घेतलेल्या हातात मनगटाचा जोर दिसत नाही. जोर बाजूने दिसतो.

एफ आठ

मनगटाचा मुद्दा पटला. तरी पाच-सहा जणांपुरता हा प्रयोग तिने करावा असं वाटतं, अगदी संचात घेतला नाही तरी. कोन आणि उंची बांधून घेतली की नजर आपसूक बारकाव्यांकडे वळते. नखाखालचा रंग, पट्टी धरून धरून पडलेला घट्टा.

पहिलं वर्ष

मध्येच विचारते, माफ करा. मी पहिल्या वर्षाला आहे. काचेच्या प्रकाशयोजनात एवढा वेळ का जातो? पारदर्शक वस्तू आहे, उजेड टाकला की झालं ना?

कवडसा

मलाही सुरुवातीला हाच प्रश्न पडला होता. काचेवर उजेड टाकला तर काच दिसतच नाही. उजेड आरपार जातो, आणि जो परत येतो तो दिव्याचा पांढरा डाग होऊन येतो. काच दिसते ती तिच्या कडांमुळे. म्हणून उजेड वस्तूवर न टाकता मागच्या पृष्ठभागावर टाकायचा आणि कडा काळ्या हव्यात की पांढऱ्या ते ठरवायचं.

पहिली रीत, उजळ पार्श्वभूमीची. काचेच्या मागे बऱ्याच अंतरावर ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा आणि त्याच्या मागून दिवा. उजळ भाग कॅमेऱ्याच्या चौकटीत भरेल एवढाच ठेवायचा, त्याहून मोठा नको. चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काळा कार्डपेपर उभा करायचा. काचेची कड वळलेली असल्यामुळे ती बाजूचा काळेपणा ओढून घेते आणि पेल्याची रेषा शाईने काढल्यासारखी उमटते.

दुसरी रीत बरोबर उलट. मोठा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडचा मऊ दिवा) मागे, त्याच्या मधोमध काळा कार्डपेपर, तोही चौकट भरेल एवढाच. मग उजेड त्या काळ्याच्या चारही बाजूंनी डोकावतो आणि कडा चमकतात, मधला भाग अंधारात राहतो. या रीतीत धुळीचा एकेक कण दिसतो. काच पुसून सुती हातमोजे घालूनच ठेवावी लागते, आणि तरीही कुठेतरी एक तंतू राहतोच.

वेळ जातो तो सेंटिमीटर-सेंटिमीटरने. काळा कार्ड बोटभर आत सरकवला की कड जाड होते, बाहेर काढला की बारीक होते. कॅमेऱ्याला डोळा लावून एकीने बघायचं आणि दुसरीने कार्ड सरकवायचं, असं आम्ही करतो. घरी टेबललॅम्प आणि ट्रेसिंग पेपर घेऊनही जमतं. फक्त कागद दिव्याला चिकटवू नकोस, तापतो.

तिरपा उजेड

कवडसा, तू वर लिहिलंस ते पुन्हा वाच. "काच दिसते ती तिच्या कडांमुळे." तुझ्या हातांच्या प्रकल्पाची चावी तुझ्याच वाक्यात आहे.

तुझ्या हातांच्या फोटोंत बाजूने मऊ उजेड आहे आणि मागे मध्यम करडी धूसर भिंत आहे, असं मी गृहीत धरते. त्वचाही उजेडात मध्यम छटेची. म्हणजे हाताची कड आणि भिंत जवळपास एकाच तेजाची. मग हाताचा आकार पार्श्वभूमीत मिसळतो आणि त्याला बाहेर काढायला तुला एफ/२ चा धूसरपणा वापरावा लागतो. तू धूसरपणाकडून जे काम करून घेतेयस ते काचेच्या सरावात तू उजेडाकडून करून घ्यायला शिकलीच आहेस.

आता तेच इथे आण. दोन पर्याय. हात उजळ आणि मागे अंधार, किंवा हात गडद आणि मागे उजळ. अंधार मिळवायला स्टुडिओ लागत नाही. माणसाला खिडकीच्या अगदी जवळ बसव आणि मागची भिंत लांब असू दे. उजेडाचा स्रोत लहान असेल तर अंतर दुप्पट झालं की तेज चौथाई होतं. हात अर्ध्या मीटरवर आणि भिंत दोन मीटरवर असेल तर भिंतीवर १६ पट कमी उजेड, म्हणजे चार स्टॉप. खिडकी रुंद असते त्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण भिंत काळवंडते हे नक्की. एक्सपोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) हातावरून घे. कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडलंस तर तो सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्याकडे ओढतो, काळी भिंत उजळवतो आणि हात जळतो, म्हणजे पांढराफटक होतो.

कड चमकवायची तर खिडकी हाताच्या बाजूला न ठेवता थोडी मागे ने. तू खिडकीकडे तोंड करून, माणूस तुझ्या आणि खिडकीच्या मध्ये, जरासा तिरका. सावलीकडची बाजू फारच बुडाली तर कॅमेऱ्याजवळ पांढरा थर्माकोल धर. आणि खोलीतला पिवळा दिवा बंद कर. उजेडाच्या रंगाच्या मापात खिडकीचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास असतो, पिवळा दिवा ३००० च्या खाली-वर. दोन्ही एकत्र आले की एक बोट निळसर आणि एक नारिंगी येतं, नंतर कितीही सुधारलं तरी.

दोन कामांचा मेळ कसा घालायचा, हा तुझा तिसरा प्रश्न. मला तरी ती दोन कामं वाटत नाहीत. योसेफ सुदेकची छायाचित्रं शोधून बघ. प्रागचा हा छायाचित्रकार, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला. १९४० ते १९५४ या काळात त्याने स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीची मालिका केली आणि खिडकीत ठेवलेले साधे काचेचे पेले वर्षानुवर्षं टिपले. बाष्प धरलेली तावदानं, त्यातून येणारा उजेड, पेल्यातलं पाणी. सराव कुठे संपतो आणि प्रकल्प कुठे सुरू होतो ते त्याच्या कामात शोधूनही सापडत नाही.

शाईवाली

मी छायाचित्रांची पुस्तकं बांधते, म्हणून निवडीबद्दल बोलते.

स्क्रीनवर निवड करू नकोस. स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो मोठा दिसतो आणि प्रत्येक फोटो आपापल्या जोरावर जिंकतो. लहान प्रिंट काढ, पोस्टकार्डाएवढे पुरेत, जमिनीवर पसर आणि उभी राहून बघ. आधी जोड्या लाव: कोणते दोन फोटो एकच गोष्ट सांगतात? त्यांतला एक उचलून बाजूला ठेव, कितीही आवडता असला तरी. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकने १९५५ आणि १९५६ मध्ये अमेरिकाभर फिरून सुमारे २७-२८ हजार फ्रेम काढल्या आणि 'द अमेरिकन्स' या पुस्तकात ८३ ठेवल्या. गाळलेल्या फोटोंत नक्कीच चांगलेही असणार.

मग क्रम. दोन फोटो शेजारी आले की त्यांच्यात काहीतरी घडलं पाहिजे. बांधणीची दाभण धरलेला हात आणि त्याच्या पुढे घड्याळातला चिमटा धरलेला हात: आकार मिळताजुळता, मोजमाप पूर्ण वेगळं. पाहणारा थबकतो. अधूनमधून हात नसलेला फोटो ठेव. नुसतं टेबल, नुसती हत्यारं, वापरून मूठ झिजलेली कात्री. हातांच्या संचात हात नसलेलं एखादं पान आलं की पुढचे हात पुन्हा नव्याने दिसतात. क्रम एकदाच पक्का करायची घाई नको. छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी तर लाकडी चौकटींची अशी फिरती संग्रहालयं केली आहेत की त्यांतली छायाचित्रं पुन्हा पुन्हा नव्या क्रमाने लावता येतात. छायाचित्रणातला २०२२ चा हासेलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला.

चेहऱ्यांबद्दल. चेहरा आला की डोळा आधी तिकडेच जातो, हात मागे पडतात. म्हणून मी सगळे चेहरे वगळीन. पण माणसं वगळू नकोस. प्रत्येक फोटोखाली त्या माणसाचं स्वतःचं एक वाक्य दे, कामाबद्दलचं, त्याच्याच शब्दांत. त्यासाठी बोलावं लागेल, बसावं लागेल.

आणि परवानगी. चेहरा नाही म्हणून ती लागत नाही असं समजू नकोस. अंगठीवरून, व्रणावरून माणूस ओळखू येतो. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेली स्थलांतरित मजूर आई जगभर पोचली, पण तिचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळलं ते १९७८ मध्ये. त्या फोटोतून आपल्याला काही मिळालं नाही याची खंत तिने बोलून दाखवली. फोटो कुठे लागणार आहे ते आधी सांग, आणि चांगला प्रिंट काढून त्यांच्या हातात दे.

पहिलं वर्ष

तिरपा उजेड, तुमचा प्रतिसाद उतरवून घेतला. एक विचारू? ट्यूबलाइटखाली मंद शटर ठेवलं की फोटोत कधी आडवे पट्टे येतात, ते कशाने?

तिरपा उजेड

जलद शटरला येतात, मंदला सहसा नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की एक किंवा दोन पूर्ण हेलकावे आत बसतात आणि पट्टे जातात. १/५०० ला हेलकाव्याचा तुकडाच पकडला जातो, म्हणून पट्टे. स्वस्त एलईडी दिव्यांनाही हेच होतं.

कवडसा

सगळ्यांचे खूप आभार. धागा थोडे दिवस शांत होता, कारण मी पुन्हा शूट करत होते.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. आधी कॅमेरा काढलाच नाही, नुसती बघत बसले. त्यांचं टेबल खिडकीला समांतर होतं. ते काटकोनात वळवता येईल का म्हणून विचारलं, तर ते लगेच उठून मदतीला आले. मागे काळा कार्डपेपर उभा केला, तोच, काचेच्या सरावातला. आता खिडकी त्यांच्या डाव्या खांद्याच्या थोडी मागे आली.

एफ/११, १/३०, ट्रायपॉड, आयएसओ १६००. चिमट्याची दोन टोकं, त्यांत पकडलेलं केसाएवढं चक्र, आणि उजव्या हाताची करंगळी. ती टेबलाला टेकवलेली होती. इतके दिवस मी त्यांचे फोटो काढत होते पण ही करंगळी मला दिसलीच नव्हती, कारण ती एफ/२ ला कायम धूसर होती. बाकी चार बोटं हवेत अधांतरी असतात आणि सगळा तोल त्या एका बोटावर. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "करंगळी उठली की चक्र उडालं." हेच वाक्य त्यांच्या फोटोखाली देणार आहे.

मग जुने फोटो घेऊन बसले आणि प्रत्येकात तेच शोधलं: हा हात टेकलाय कुठे? शिवणकामात डाव्या हाताची बोटं पसरून कापडावर टेकलेली. मातीकामात दोन्ही कोपरं मांड्यांवर रोवलेली, आणि माझ्या चौकटीत कोपरं नव्हतीच. बांधणी करणाऱ्या ताई दाभण टोचताना तळहाताने कागदांचा गठ्ठा दाबून धरतात. म्हणजे प्रत्येक कामात एक हात हलतो आणि काहीतरी एक पक्कं रोवलेलं असतं. आता संचाचा विषय मी "हात" असा न ठेवता "टेकू" असा ठेवणार आहे. मार्गदर्शकांना सांगितलं, त्यांना आवडला.

एफ आठ, वरून घेण्याचा प्रयोगही केला. संचात घेणार नाही, पण टेकू किती वेगवेगळ्या जागी असतो ते त्यातूनच स्पष्ट झालं.

मातीकाम पुन्हा शूट करायचं आहे, या वेळी कोपरांसकट. चाक फिरत असताना १/१५ ठेवलं तर माती धूसर आणि कोपरं स्थिर येतील ना? की ओल्या हातांवरची चमक पूर्ण जाईल?

जुनी रीळ

टेकूचा विषय पक्का धर, सोडू नकोस. फार छान सापडला आहे.

१/१५ ने सुरुवात कर. चाक वेगात असेल तर माती गुळगुळीत दिसेल आणि हाताचा रेटा कळणार नाही, तेव्हा १/३० आणि १/६० लाही घेऊन ठेव. चमक शटरमुळे जात नाही. ती उजेड कुठून येतो आणि तू कुठे उभी आहेस यावर ठरते. काचेचाच नियम, ज्या कोनात उजेड येतो त्याच कोनात परततो. खिडकी मागे असेल तर ओल्या बोटांवर चमक मिळेल. फारच पांढरी झाली तर खिडकीवर ट्रेसिंग पेपर लाव, डाग पसरून मवाळ होईल. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला तेजाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटत नाही ना तेवढं बघ आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) घे.

शाईवाली

कोपरं घेताना चौकट मोठी होईल आणि चेहऱ्याचा मोह पडेल. हनुवटीच्या खाली काप. लहान प्रिंट झाले की टाक इथे, क्रम लावायला बसू.